दीड टन थंडी आणि साडेआठशे लिटर दूध

आमच्या गावातल्या दवाखान्यात एसी बसवायला दोन माणसं आली होती. खोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं : १.५ टन. माझ्या वर्गातला एक मुलगा तेव्हा आजीचं औषध आणायला तिथं गेला होता. दुसऱ्या दिवशी शाळेत आल्या आल्या त्यानं जाहीर केलं, "बाई, दीड टनाचं मशीन दोघांनीच उचललं आणि भिंतीवर टांगलं!"

सगळा वर्ग हसला. आमचा भाग उसाचा. टन म्हणजे किती, हे इथल्या पोरांना शिकवावं लागत नाही. टन म्हणजे भरलेली बैलगाडी, काट्यावर उभा राहिलेला ट्रॅक्टर. दीड टन ऊस दोन माणसांनी उचलून खिळ्याला टांगला, असं कुणी सांगितलं तर हसू येणारच. पण तो मुलगा खोटं बोलत नव्हता. खोक्यावर तसंच लिहिलेलं होतं.

मग हा टन कसला? तुमच्या घरी एसी असेल, किंवा दुकानात पाहिला असेल, तर तुम्हालाही हा प्रश्न पडला असेल. नसेल पडला, तर आता पडू द्या. कारण याच प्रश्नाच्या मागं जाता जाता आमच्या पाचवीच्या वर्गानं गावच्या डेअरीतलं एक भांडण सोडवलं. ती गोष्ट पुढं येईलच. त्याआधी थोडं गणित समजून घेऊ. घाबरू नका, गुणाकार-भागाकाराच्या पलीकडं काही नाही.

पहिली गोष्ट अशी, की 'थंडी' नावाची वस्तू नसते. ती कुठल्या यंत्रात तयार होत नाही आणि नळीतून आतही सोडता येत नाही. असते ती उष्णता. फ्रिज काय करतो? आतल्या वस्तूंमधली उष्णता काढून बाहेर टाकतो. होडीत पाणी शिरलं, की नावाडी डब्यानं उपसून बाहेर फेकतो ना, तसंच. फ्रिजच्या मागच्या किंवा बाजूच्या पत्र्याजवळ हात नेऊन पाहा (नुसता जवळ न्या, मागच्या तारांना हात लावू नका). गरम लागेल. आतल्या दुधाची, भाजीची, काल रात्रीच्या आमटीची उष्णता तिथून बाहेर पडत असते.

हे उपसणं होतं कसं? माठ आठवा. माठातून झिरपलेल्या पाण्याची वाफ होते. वाफ व्हायला उष्णता लागते आणि ती माठातल्या पाण्यातून घेतली जाते, म्हणून पाणी गार होतं. फ्रिजच्या नळ्यांतही असाच एक द्रव असतो. आतल्या बाजूला त्याची वाफ होते आणि ती आतली उष्णता पिऊन घेते. मग कॉम्प्रेसर त्या वाफेला दाबतो, ती तापते, बाहेरच्या नळ्यांत उष्णता सोडून पुन्हा द्रव बनते आणि पुन्हा आत येते. माठातलं पाणी उडून जातं, फ्रिजमधलं तेच तेच फिरत राहतं. फरक एवढाच.

आता उपसायची उष्णता मोजायची कशी? त्यासाठी किलोकॅलरी हे माप आहे. एक किलो पाणी एक अंशानं तापवायला एक किलोकॅलरी उष्णता द्यावी लागते. तेवढंच पाणी एक अंशानं गार करायचं असेल, तर एक किलोकॅलरी काढून घ्यावी लागते. देणं तेवढंच घेणं. म्हणजे एक लिटर पाणी ३० अंशांवरून १० अंशांवर आणायचं तर २० किलोकॅलरी. पाच लिटर असेल तर शंभर. वजन गुणिले अंश, झालं.

पण बर्फाच्या बाबतीत एक गंमत आहे. शून्य अंशाचा एक किलो बर्फ घेतला आणि तो वितळून शून्य अंशाचंच पाणी झालं, तर तापमान बदललं का? नाही. तरी तो बर्फ वितळताना आजूबाजूची सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता गिळून बसतो. थर्मामीटरचा पारा हलत नाही आणि उष्णता मात्र गायब! मोठ्या वर्गांच्या पुस्तकात हिला 'अप्रकट उष्मा' म्हणतात. अठराव्या शतकात ग्लासगोच्या जोसेफ ब्लॅक या शास्त्रज्ञानं ही लपलेली उष्णता शोधून काढली. उलट, पाण्याचा बर्फ करतानाही तेवढीच उष्णता काढावी लागते. ३० अंशांचं एक लिटर पाणी शून्यावर आणायला ३० किलोकॅलरी आणि मग नुसतं गोठवायला आणखी ८०. फ्रिजमध्ये पाणी लवकर गार होतं, पण बर्फ व्हायला इतका वेळ का लागतो, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

आता आपला टन. यंत्रं येण्यापूर्वी बर्फ हा थंडाव्याचा मोठा आधार होता, आणि त्याचा चक्क समुद्रापार व्यापार चालायचा. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स भागात हिवाळ्यात तळी गोठतात. तिथला फ्रेडरिक ट्यूडर हा व्यापारी त्या तळ्यांतला बर्फ करवतीनं कापायचा आणि लाकडाच्या भुशात गुंडाळून जहाजानं पाठवायचा. १८३३ च्या मे महिन्यात 'टस्कनी' नावाचं जहाज बोस्टनहून सुमारे १८० टन बर्फ घेऊन निघालं. आफ्रिकेला वळसा घालून, विषुववृत्त दोनदा ओलांडून ते सप्टेंबरमध्ये कोलकात्याला पोचलं. चार महिन्यांच्या प्रवासानंतर त्यात किती बर्फ उरला असेल? सुमारे शंभर टन! भुसा ही किती साधी वस्तू, पण तिनं बाहेरची उष्णता आत येऊ दिली नाही. पुढं असा बर्फ मुंबई आणि चेन्नईलाही येऊ लागला. चेन्नईत १८४२ साली त्यासाठी बांधलेलं बर्फघर समुद्रकिनारी अजून उभं आहे. १८९७ मध्ये स्वामी विवेकानंद तिथं राहिले होते, म्हणून आज त्या इमारतीला त्यांचं नाव आहे.

पुढं थंड करणारी यंत्रं निघाली. गिऱ्हाइकानं पहिला प्रश्न काय विचारला असेल? "तुमचं हे यंत्र आमच्या किती टन बर्फाचं काम करेल?" वाफेचं इंजिन विकताना जेम्स वॉटलाही असंच सांगावं लागलं होतं, की आमचं इंजिन इतक्या घोड्यांचं काम करतं. घोडे गेले, पण 'हॉर्सपॉवर' राहिली. शेतातली मोटर आपण अजून पाच हॉर्सपॉवरचीच म्हणतो. बर्फाच्या गाड्या गेल्या आणि 'टन' राहिला.

तर एक टनाचं यंत्र म्हणजे एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता गिळतो, तेवढी उष्णता चोवीस तासांत उपसणारं यंत्र. हा टन अमेरिकन, २००० पौंडांचा, म्हणजे सुमारे ९०७ किलोचा. आपल्या हजार किलोच्या टनापेक्षा थोडा हलका. करा गुणाकार : ९०७ गुणिले ८० बरोबर ७२,५६०. त्याला २४ तासांनी भागा. ३,०२३ आलं ना? जगभर यासाठी ३,०२४ हा आकडा ठरलेला आहे.

एक टन म्हणजे तासाला ३,०२४ किलोकॅलरी. हे फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवू, पुढं लागणार आहे. आजकाल यंत्रावर वॅटमध्येही लिहितात. एक टन म्हणजे सुमारे ३,५०० वॅट. आणि हो, साडेतीन हजार वॅटची उष्णता उपसायला यंत्राला तेवढी वीज लागत नाही. साधारण तिसरा हिस्सा पुरतो. कारण ते काही तयार करत नाही, नुसतं इकडचं तिकडं वाहून नेतं. विहिरीवरचा पंप पाणी तयार करतो का?

दवाखान्याचं कोडं इथं सुटलं. "मग आपल्या वर्गाला किती टनाचा लागेल?" लगेच प्रश्न आला. माणूस नुसता बसून राहिला तरी त्याच्या अंगातून तासाला ८०-९० किलोकॅलरी उष्णता बाहेर पडत असते. मुलांची थोडी कमी, आपण ६५ धरली. आम्ही चाळीस जण. २,६०० झाले. म्हणजे जवळजवळ एक टन नुसता आमच्या अंगाच्या उष्णतेसाठी, वरचा तापलेला पत्रा आणि उघड्या खिडक्या वेगळ्याच! "बाई, अर्धा वर्ग घरी पाठवला तर?" असंही एकानं सुचवलं. सूचना गणिताच्या दृष्टीनं बरोबर होती.

हे सगळं मार्चमध्ये झालं. एप्रिलमध्ये सकाळची शाळा सुरू झाली आणि डेअरीचं प्रकरण उपटलं.

आमच्या शाळेच्या भिंतीला लागूनच दूध संस्थेची डेअरी आहे. सकाळी साडेसहापासून किटल्या घेऊन लोक रांगेत उभे असतात. माप, फॅट, डिग्री, पावती आणि मग दूध आतल्या मोठ्या स्टीलच्या टाकीत. या टाकीला बल्क कूलर म्हणतात. टाकीच्या तळाला नळ्या असतात, बाजूला कॉम्प्रेसर, आणि आत दूध हलवत राहणारा पंखा. दूध काढलं तेव्हा ते जनावराच्या अंगाइतकं गरम असतं. डेअरीत येईपर्यंत साधारण ३५ अंश. ते तीन तासांच्या आत ४ अंशांवर आणायचं असतं. का? कारण दुधात जिवाणू असतातच आणि कोमट दूध म्हणजे त्यांना मेजवानी. समजा, अर्ध्या तासाला ते दुप्पट होतात. मग तीन तासांत सहा वेळा दुप्पट. बोटांवर मोजा : दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट. चौसष्ट पट! चार अंशांवर मात्र त्यांची वाढ अगदी मंदावते. ते मरत नाहीत, गारठून गप्प बसतात.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मोठ्या केंद्रावरून आमच्या गावचं दूध परत आलं. नमुना उकळून पाहिला, तर तो फाटला. चारच दिवसांनी पुन्हा तेच. साडेआठशे लिटर दूध दोनदा ओढ्याला सोडावं लागलं. दहा दिवसांनी मिळणाऱ्या दुधाच्या पगारावर ज्यांच्या घरचा किराणा येतो, त्यांना हे काय वाटलं असेल, ते मी सांगायला नको. तुमच्यातल्या अनेकांच्या घरी तेच असेल.

मशीन तपासलं. चालू होतं. लाइटही गेलेली नव्हती. मग कुणाच्या तरी दुधातच खोट असणार! कुणीतरी रात्रीचं शिळं दूध सकाळच्या दुधात मिसळत असणार. बोटं एका घराकडं वळली. लांबच्या वाडीवरचं घर, दोन म्हशी, आणि चालत यायचं म्हणून त्यांची किटली रोज सगळ्यात शेवटी यायची. त्यांचं दूध आठ दिवस घ्यायचं नाही, असं ठरलं.

त्या घरातला मुलगा माझ्या वर्गात आहे. दवाखान्यातल्या एसीची बातमी आणणारा तोच. त्या आठवड्यात तो एक अक्षर बोलला नाही. मधल्या सुट्टीत दोन मुलं त्याला काहीतरी म्हणाली, काय ते मला ऐकू आलं नाही. तो पाण्याच्या टाकीमागं जाऊन बसला, एवढं दिसलं.

त्याच आठवड्यात, त्यांचं दूध बंद असतानाच, तिसऱ्यांदा दूध परत आलं.

मी संस्थेच्या सचिवांना विचारलं, "मशीन किती लिटरचं आहे?" ते म्हणाले, "हजार लिटरचं हाय की बाई. दूध साडेआठशे. दीडशे लिटरची जागा अजून मोकळीच ऱ्हाती." तेवढ्यात मशीनचा मागच्या पत्र्यावरचा तक्ता पाहिला. गंजून गेला होता. पण कपाटात मशीनची पुस्तिका सापडली आणि तिच्यात एक ओळ होती : एका वेळी ५०० लिटर दूध, ३५ अंशांवरून ४ अंशांवर, ३ तासांत.

पुस्तिका घेऊन मी वर्गात आले. आता मोठ्यांनी भांडायचं आणि आपण बघत बसायचं, त्यापेक्षा हिशेब तरी करू.

दुधाला पाण्याइतकीच उष्णता लागते असं धरलं. खरं तर दूध पाण्याहून थोडं जड असतं आणि किलोमागं उष्णता थोडी कमी घेतं. दोन्ही मिळून लिटरमागं फरक शेकडा चारच्या आसपास. एवढी सूट पाचवीला चालेल. फळ्यावर मांडलं : ८५० गुणिले ३१ बरोबर २६,३५० किलोकॅलरी. (३१ कुठून आले? ३५ वजा ४.) मग कोपऱ्यातला आकडा घेऊन भाग दिला. उत्तर आलं जवळजवळ ८.७ टन. मी स्वतःच चपापले. एवढ्याशा डेअरीला नऊ टनाचं मशीन? मला काही सुधरेना.

तेव्हा मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "बाई, ३,०२४ हे तासाचं आहे ना? आणि आपल्याकडं तर तीन तास आहेत."

बरोबर होतं तिचं. मी वेळच विसरले होते! थंड करण्याच्या हिशेबात नेहमी हीच चूक होते. किती वजन आणि किती अंश हे लक्षात राहतं, पण किती वेळात हे विसरतं. वेळ दिला तर लहानसं मशीनही डोंगराएवढं काम करतं. तीन तासांनी भागलं तर २.९ टन आले. साडेआठशे लिटर दूध तीन तासांत गार करायला जवळजवळ तीन टनाचं मशीन हवं.

आणि आहे किती टनाचं? पुस्तिकेतल्या ओळीवरून काढलं. ५०० गुणिले ३१ बरोबर १५,५००. तीन तासांनी भागा, तासाला ५,१६७. त्याला ३,०२४ ने भागा : १.७ टन.

वर्गात एकदम शांतता झाली. टाकी हजार लिटरची, मशीन पाचशेचं! हे मशीन मुळात दोन वेळच्या दुधासाठी बनवलेलं. संध्याकाळी पाचशे लिटर ओतायचं, ते रात्रीतून गार होतं. सकाळी त्यातच पाचशे लिटर ओतायचं. टाकीत हजार लिटर मावतं, पण एका वेळी गार करायचं असतं पाचशेच. पूर्वी आमच्याकडं तसंच चालायचं. जानेवारीपासून टँकर दोन वेळा यायला लागला, टाकी दर वेळी रिकामी मिळायला लागली, म्हणून संस्थेनं दोन वाड्यांचं दूध नव्यानं घ्यायला सुरुवात केली. सकाळचं दूध साडेचारशेवरून साडेआठशेवर गेलं. थंडीच्या दिवसांत खपून गेलं. एप्रिलनं उघडं पाडलं.

"मग तीन तासांनी दूध किती अंशांवर असेल?" मी विचारलं. मशीन तीन तासांत १५,५०० किलोकॅलरी उपसतं. साडेआठशे लिटरमध्ये वाटून टाका. अठरा अंश आणि थोडं. ३५ मधून १८ गेले, उरले १७. म्हणजे टँकर भरताना दूध ४ नव्हे, १७ अंशांवर असणार. टँकर आतलं दूध गार करत नाही, फक्त बाहेरची उष्णता लवकर आत येऊ देत नाही. बर्फाच्या जहाजातल्या भुशासारखं. १७ अंशांचं दूध पुढं आणखी चार-पाच तास रस्त्यावर. जिवाणूंना आणखी काय हवं?

कागदावरचं कागदावर. दुसऱ्या दिवशी साडेदहाला, टँकर यायच्या आत, सहा मुलांना घेऊन मी डेअरीत गेले. टाकीवर तापमानाचा काटा असतो, पण रोजच्या धावपळीत त्याच्याकडं बघतो कोण? मुलांनी पाहिला. १९ अंश.

सचिव बराच वेळ काट्याकडं पाहत राहिले. मग त्यांनी फळीवरचा कागद ओढला आणि म्हणाले, "ह्यो हिशेब परत एकदा सांगा बरं." कुणी सांगितला? त्याच मुलानं. आठवडाभरात तो पहिल्यांदाच बोलत होता. ३१ कुठून आले, इथपासून त्यानं सगळं सांगितलं, मध्ये एकदा चुकला आणि स्वतःच दुरुस्त केलं. वडिलांचं नाव त्यानं घेतलं नाही, सचिवांनीही घेतलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीवरची ती किटली रांगेत होती.

हिशेबानं १७ यायला हवे होते, काट्यावर १९. हे दोन अंश कुठं गेले? कॉम्प्रेसरशेजारी उष्णता बाहेर टाकणारी जाळी असते. तिला टेकवून पशुखाद्याची पोती रचलेली होती आणि जाळीत कडब्याचा भुसा अडकून बसला होता. उपसलेलं पाणी होडीतच परत सांडावं, तसा प्रकार. शिवाय बाहेरची हवाच तापलेली असेल, तर उष्णता बाहेर टाकायला मशीनला जास्त झटावं लागतं. पोती हलवली, जाळी ब्रशनं झाडली. मात्र हे काम मशीन बंद करून मोठ्यांनी केलं, मुलांनी नाही.

तरी मूळ प्रश्न उरलाच. नवं मशीन एका दिवसात येत नाही आणि वाड्यांना दूध आणू नका म्हणणं सचिवांच्या जिवावर आलं. "बर्फ टाकला तर?" कुणीतरी विचारलं. जादाच्या ३५० लिटरसाठी १०,८५० किलोकॅलरी काढायच्या. भागिले ८०. रोज सुमारे १३५ किलो बर्फ, तोही दुधात नव्हे, कॅनच्या बाहेरून. परवडणारं नव्हतं.

उपाय सापडला तो एका मुलीच्या आजीच्या स्वयंपाकघरात. आजी तापवलेलं दूध आधी परातीतल्या पाण्यात ठेवते, निवलं की मगच फ्रिजमध्ये. डेअरीमागं जनावरांना पाणी पाजायचा जुना सिमेंटचा हौद रिकामा पडला होता. तो घासून-पुसून विहिरीच्या पाण्यानं भरला. एप्रिलमध्येही ते पाणी २५-२६ अंशांच्या आसपास असतं. माप झालं की दूध कॅनमध्ये आणि झाकण लावून कॅन हौदात. मधूनमधून ढवळलं, की दूध ३५ वरून २८ वर येतं. सात अंश फुकट! ८५० गुणिले ७ बरोबर ५,९५०. मशीनचं तासाभराहून जास्त काम विहिरीनं केलं. उरले २४ अंश, म्हणजे २०,४०० किलोकॅलरी. मशीनला लागतील जवळजवळ चार तास. मग टँकरवाल्याला विनंती करून त्याची वेळ साडेदहाची साडेअकरा करून घेतली. तो आधी कुरकुरला. पण दूध परत घेऊन येण्याचा हेलपाटा त्यालाही नकोच होता.

पहिल्या दिवशी साडेअकराला काटा ७ वर होता, चौथ्या दिवशी ५ वर. त्या उन्हाळ्यात दूध पुन्हा परत आलं नाही. डेअरीच्या फलकावर फॅटच्या शेजारी आता 'टँकर भरतानाचे तापमान' असा रकाना आहे. जूनपासून तो आमच्या वर्गातली मुलं पाळीपाळीनं भरतात. दुसरं मशीन दिवाळीनंतर आलं. किती टनाचं घ्यायचं, हे विचारायला सचिव शाळेत आले होते. बाजारातला माणूस सांगतो ते बरोबर का, एवढंच त्यांना बघायचं होतं.

आता तुमची पाळी. शाळेच्या प्रयोगपेटीतला थर्मामीटर मागून घ्या (ताप मोजायचा चालणार नाही, तो ३५ अंशांच्या खाली उतरतच नाही). एक लिटर पाण्याचं तापमान मोजा, बाटली फ्रिजमध्ये ठेवा आणि तासाभरानं पुन्हा मोजा. ३० चे २३ झाले, तर बाटलीतून ७ किलोकॅलरी गेल्या. दुसऱ्या दिवशी तेवढंच पाणी आधी माठाच्या पाण्यात पातेलं ठेवून निववा आणि मग तीच बाटली तासभर ठेवा. तिसऱ्या दिवशी त्या तासात फ्रिजचं दार दर पाच मिनिटांनी उघडून बघा. हा तिसरा प्रयोग आईला विचारूनच करा. तिन्ही दिवसांचे आकडे वहीत लिहा.

आणि हे एक उदाहरण सोडवा. आमच्या डेअरीत संध्याकाळी ३०० लिटर दूध येतं, ३५ अंशांवर. जुनं मशीन एकटंच लावलं, हौद वापरला नाही, तर ४ अंशांवर यायला किती वेळ लागेल? उत्तर : एक तास ४८ मिनिटं. मुलांनी घड्याळ लावून पाहिलं, तेव्हा प्रत्यक्षात दोन तास दहा मिनिटं लागली. पोती तर केव्हाच हलवलेली होती. मग वरची बावीस मिनिटं कुठं गेली असतील? आमच्या वर्गात याची तीन वेगवेगळी उत्तरं आली आहेत. तुमचं उत्तर मला पत्रानं कळवा.